बाल्टिमोर ते पिट्सबर्ग, व्हाया नारिंगी पिंपं

पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिरात जायचं होतं. भाचा गाडी चालवत होता, शेजारी सूनबाई, मागच्या सीटवर मी आणि चिवड्याचा डबा. 695 नंबरच्या रिंगरोडवर वुडलॉन आलं तसा भाचा म्हणाला, "मावशी, तो अपघात इथलाच बरं का."

22 मार्च 2023. रस्त्याचं काम चालू होतं. शंभर मैलांपेक्षा जास्त वेगानं चाललेल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यातली एक काँक्रीटच्या कठड्यांमधल्या फटीतून थेट आत घुसली आणि सहा कामगार जागीच गेले. मेरीलँड सरकारनं मग समिती नेमली. अध्यक्ष होत्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपराज्यप्रमुख, अरुणा मिलर, जन्मानं हैदराबादच्या आणि पेशानं वाहतूक अभियंता. (राजकारणात जरा असे लोक हवेत, हे माझं जुनं तुणतुणं.) 2024 मध्ये नवा कायदा आला. आधी कामाच्या पट्ट्यात कॅमेऱ्यानं टिपलं की सरसकट 40 डॉलर दंड असायचा. 2025 पासून जितका वेग तितका भुर्दंड : मर्यादेपेक्षा 12 मैल जास्त असाल तर 60 डॉलर, 40 किंवा त्याहून जास्त असाल तर 500. कामगार हजर असतील तर दुप्पट, म्हणजे थेट हजारापर्यंत!

70 नंबरचा हायवे हॅनकॉकवरून उत्तरेला वळतो आणि पेनसिल्व्हेनियात ब्रीझवूडला चक्क सिग्नलला थांबतो. एवढा आंतरराज्य महामार्ग आणि मध्येच पेट्रोलपंप, बर्गरची दुकानं नि लाल दिवा! आमच्या नाशिकफाट्याची आठवण झाली. तिथून पुढे 1940 सालचा टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग. डोंगर, बोगदा, 70 मैलांचा वेग, मला डुलकी.

जाग आली ती गाडी मंदावल्यावर. दोन्ही बाजूंना नारिंगी पिंपं, 55 ची पाटी आणि तिच्यावर लुकलुकणारा पांढरा दिवा. दिवा चालू म्हणजे माणसं कामावर आहेत. होतीच. एक जण फावड्यानं गरम डांबर सारखं करत होता. त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावरून ट्रक जात होते आणि तो मान वर करून बघतसुद्धा नव्हता. डांबराचा वास काचा बंद असूनही आत आला.

पेनसिल्व्हेनियातला हिशोब वेगळा. 11 मैल जास्त झाले की कडेला उभ्या गाडीतला कॅमेरा टिपतो. पहिल्या वेळी नुसती ताकीद, दुसऱ्यांदा 75 डॉलर, तिथून पुढे दर वेळी 150. मला ही पहिली माफी काही पटली नाही. त्या फावडेवाल्याला काय, पहिल्यांदाच उडवलं म्हणून कमी लागणार आहे? पोलिसानंच पकडलं तर मात्र खैर नाही. कामगार हजर असताना 11 मैल जास्त म्हणजे 15 दिवस लायसन्स जप्त.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198अ हे कलम आलं. रस्त्याच्या सदोष कामामुळे जीव गेला तर ठेकेदाराला लाखापर्यंत दंड. कामाच्या जागी सुसाट जाणाऱ्याला वेगळा, चढा दंड मात्र नाही. कारला वेगाचे ते एक ते दोन हजार रुपये, सगळीकडे सारखेच.

"तुझी माफी शिल्लक आहे ना रे?" मी विचारलं.

सूनबाईच वळली. "कुठली, मावशी! मागच्या दिवाळीतच संपवली त्यानं. कॅमेऱ्याची नोटीस गाडीच्या मालकाला येते, आणि गाडी माझ्या नावावर."

मंदिराच्या कँटीनमध्ये चिंचभात खाऊन झाल्यावर तिनं किल्ली मागून घेतली. परतीची गाडी तिनंच चालवली.