बागची भट्टी, महेश्वरचे माग: इंदूरहून आम्हा हातकामवाल्यांची ट्रिप

हल्ली आर्ट रिट्रीट म्हणून जे काय विकलं जातं त्याचे दर ऐकून आमच्या क्रोशा-काकू म्हणाल्या, "एवढ्यात मी चारधाम करून येईन गं, आणि उरलेल्या पैशात लोकरही आणेन." मग ठरलंच की आपलं रिट्रीट आपणच करायचं, गाडी ठरवायची, आधी महेश्वर, तिथून बाग (लाकडी ठशांच्या बाग प्रिंट छपाईचं धार जिल्ह्यातलं गाव), आणि धारवरून परत इंदूर. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण यूट्यूबवर महेश्वरचे घाट भरपूर सापडतात पण बागला नक्की काय विचारायचं आणि कधी जायचं हे कोणी धड सांगत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे क्रोशा-काकू, भरतकामवाल्या वहिनी, टेराकोटाचे दागिने करणारी एक (तिला आम्ही टेराकोटाच म्हणतो, ती ओ पण देते), आणि मी, कापडी वह्या आणि बटवे शिवणारी. ओळख प्रदर्शनातली. शेजारी शेजारी टेबल लागलं की एक तर भांडण होतं नाही तर मैत्री, आमचं दोन्ही झालं, आधी भांडण मग मैत्री, कारण वहिनींचं बॅनर माझ्या टेबलावर येत होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. "दोन दिवसात बाग प्रिंट शिका" असं कुठे वाचलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. दोन दिवसात होतच नाही. कापड आधी धुवून, आपटून त्यातली खळ काढायची, मग मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात पायाने तुडवून मुरवायचं, वाळवायचं, परत तेच करायचं, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, तेव्हा ते पिवळसर होतं आणि तेव्हा कुठे ते छपाईच्या टेबलावर येतं. छापल्यावरही लगेच नाही, आठ-दहा दिवस रंग मुरायला ठेवतात, मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुणं, मग भट्टी, म्हणजे कढईत रंगाच्या पाण्यात कापड तापवणं, मग परत धुऊन उन्हात पसरणं. म्हणजे सगळं मिळून तीन आठवडे तरी धरा. आपण पाहुणे त्यातल्या एखाद्याच टप्प्यावर पोचतो, त्यामुळे फोनवर "वर्कशॉप आहे का" असं विचारू नका, "भट्टी कोणत्या दिवशी लागणार आहे आणि त्या दिवशी टेबलावर तयार कापड असेल का" असं विचारा. आम्ही सगळी ट्रिप त्या भट्टीच्या दिवसाभोवती बसवली, महेश्वर आधी घेतलं ते त्यामुळेच, नाही तर इंदूरहून धारवरून बाग सरळ जाता येतं, दीडशे किमीच्या आसपास आहे.

निघताना पोहे-जलेबी झालीच, त्याशिवाय इंदूरच्या बाहेर गाडी निघत नाही. महेश्वर साधारण 90 किमी, मानपूरचा घाट उतरलं की निमाड सुरू होतं आणि हवा लगेच गरम लागते. बसने जायचं तर धामनोदला उतरून पुढची गाडी बघायची.

महेश्वरबद्दल थोडक्यातच लिहिते कारण तिथे सगळेच जातात. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले, ती परंपरा मध्ये पार मरगळली होती, मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्यांनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि माग परत चालायला लागले. किल्ल्यात विणकाम बघता येतं. साडी नुसती हातात घेऊन "किती छान" म्हणण्यापेक्षा काठ बघा, मग किल्ल्याच्या भिंतीवरचं दगडी कोरीवकाम बघा, चटई, वीट, हिरा, लाट, तीच नक्षी काठात उतरलीय. वहिनी पाऊण तास एका भिंतीसमोर उभ्या राहून वहीत चौकटी काढत होत्या, गाइड कंटाळून निघून गेला. खरी महेश्वरी ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत अशी असते आणि काठ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, घेताना उलटून बघा. आमच्यासारख्यांनी साड्यांच्या दुकानात अडकू नका, मागावर किंवा छोट्या दुकानात कट पीस मागा, वहीच्या कव्हरला, बटव्याला, कानातल्यांच्या कार्डाला तेवढं पुरतं.

टेराकोटाला मात्र महेश्वरमधलं सगळ्यात काय आवडलं तर सकाळचं लिंगार्चन. वाड्यात ब्राह्मण बसून काळ्या मातीची चिमुकली शिवलिंगं करतात, लाकडी पाटावर ओळीने मांडतात, पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडतात, अहिल्याबाईंच्या काळापासून चालू आहे म्हणे. ती बघत होती ती फक्त बोटं. माती किती ओली, अंगठा कुठे दाबला जातो, पाटावर ठेवताना टोक का मोडत नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आपण एक जोडी झुमके विकले गेले नाहीत तर आठवडाभर तोंड पाडून बसतो, हे लोक रोज सगळा माल नदीत सोडतात." काकू म्हणाल्या, "त्यांना स्टॉलचं भाडं नसतं गं." तर लिंगार्चन बघायचं असेल तर सकाळी लवकर पोचा, उशिरा जाऊन उपयोग नाही.

महेश्वरहून बागला मनावर, कुक्षीवरून जायचं, अडीच-तीन तास धरा, रस्ता ठीक आहे पण मध्ये स्वच्छ बाथरूम शोधावं लागतं, तेव्हा मनावरलाच उरकून घ्या. बागमध्ये राहायची फारशी सोय नाही, मुक्काम महेश्वरला नाही तर धारला ठेवा.

बागमध्ये छपाई करतात ते मुस्लिम खत्री. मूळचे सिंधमधले, मारवाड, मनावर असं करत 1962 मध्ये बागला आले, नदीचं पाणी या रंगांना मानवतं म्हणून टिकले. सिंथेटिक कापड सगळीकडे आलं तेव्हा बरेच जण हे काम सोडत होते, त्या काळात इस्माईल सुलेमान खत्रींनी नैसर्गिक रंग धरून ठेवले आणि नवीन नवीन कपड्यावर छपाई नेली, आज गावात जे नाव आहे ते मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. 2008 ला बाग प्रिंटला जीआय टॅग पण मिळाला.

आम्ही एका कारखान्यात आधीच बोलून ठेवलं होतं, अर्ध्या दिवसाचे पैसे ठरवले होते. हे नक्की करा. "नुसतं बघायचंय" म्हणून कारागिराचा अर्धा दिवस खायचा आणि निघताना एक रुमाल घेऊन घासाघीस करायची, हे आपल्या प्रदर्शनात गिऱ्हाईक करतं तेव्हा आपल्याला किती राग येतो आठवा. आणि स्वतःचं कापड घेऊन जाऊ नका. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून आणलेल्या कोऱ्या कॉटनला आधी खारा (वर सांगितलेलं मीठ-एरंडेल-लेंड्यांचं मुरवणं) आणि हिरडा लागतो, तो एका दुपारी होत नाही, तिथलंच तयार केलेलं कापड विकत घ्या.

छपाई बघताना सोपी वाटते. सागवान-शिसवीचे ब्लॉक, काही तर त्या घरातल्या कितीतरी पिढ्यांनी वापरलेले, धरायला बसलेली मूठ गुळगुळीत झालेली. रंगाच्या तबकात ब्लॉक टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मागून तळहाताने एक ठोका. काळा म्हणजे गंजलेलं लोखंड गुळात आंबवून केलेलं पाणी आणि चिंचोक्याची खळ, लाल म्हणजे तुरटी आणि चिंचोक्याची खळ. लोखंड हिरडा लावलेल्या कापडावर पडलं की तिथल्या तिथे काळं व्हायला लागतं, ते बघायला फार मजा येते. तुरटीचा लाल मात्र तेव्हा लाल नसतोच, तो भट्टीत येतो. म्हणजे छापताना अर्धं डिझाइन तुम्हाला डोळ्यांनी नीट दिसत नाही, हाताने माहीत असावं लागतं. वहिनी ब्लॉक ठेवून अंगाचा सगळा जोर टाकत होत्या तर तिथले चाचा हसून म्हणाले, "दीदी, दबाना नहीं, बिठाना है." त्यानंतर वहिनींची ओळ सरळ आली, काकूंची शेवटपर्यंत चढणीवर गेली आणि काकूंनी जाहीर केलं की आपल्याला असंच हवं होतं.

भट्टी हे खरं कारण आहे बागला जायचं. मोठी तांब्याची कढई, खाली लाकडाचा जाळ, पाण्यात अलिझरीन (लाल रंग) आणि धावडीची फुलं, आणि आधीचं, मुरवून नदीत धुतलेलं कापड त्यात. आच एकदम वाढवत नाहीत, हळूहळू नेतात, आणि काठ्यांनी कापड सतत वरखाली करत राहतात, चार-पाच तास, धुरात, उन्हात. मळकट पिवळं कापड आत जातं, थोड्या वेळाने काठीवर वर येतं तेव्हा तुरटी लागलेल्या जागा गुलाबी, मग विटकरी, मग असा लाल की मी फोटो काढायचं सोडून दिलं कारण मोबाइलमध्ये तो रंग येतच नव्हता. फक्त जिथे तुरटी तिथेच लाल धरतो, कापडाची बाकीची मोकळी जागा नंतर धुऊन उन्हात पसरून पांढरट करतात. हे मला वाचून माहीत होतं, पण काठीवर बघितल्यावर कळलं. जवळ उभं राहायचं तर सुती कपडे घाला, ओढणी बांधून घ्या, आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका, त्यांचं लक्ष आचेवर असतं. प्रश्न चहाच्या वेळी.

तुम्ही छापलेलं कापड त्या दिवशी तुम्हाला मिळणार नाही हे मनाशी पक्कं करा. ते मुरेल, धुतलं जाईल, पुढच्या भट्टीत जाईल आणि मग कुरिअरने येईल. कोपऱ्यावर पक्क्या धाग्याने टाका घालून आपली खूण करून ठेवा, पेनने लिहिलेलं जातं. पत्ता एकाच घरचा द्या, आमच्यात तो काकूंचा दिला आणि त्यांनी सगळ्यांची पार्सलं आधी स्वतः उघडून बघितली, ते होणारच होतं.

कधी जायचं? दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वाळवणंच होत नाही, एप्रिल-मेमध्ये निमाडात आपण टिकत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजसाठी काम थांबतं, रमजानमध्ये वेळा बदलतात, तेव्हा विचारूनच जा, आणि त्या दिवसांत त्यांच्यासमोर फराळाचे डबे उघडून बसू नका. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्या भागात भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे बाजार, असतात, बघायला जबरदस्त, पण गाड्या तासन्‌तास अडकतात, आणि भिल्ल मुलींचे न विचारता फोटो काढणाऱ्यांची गर्दी बघून डोकं फिरतं. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये कोंबू नका.

बागच्या लेण्या गावापासून 7-8 किमी, वेळ असेल तर जा. पाचव्या-सहाव्या शतकातल्या बौद्ध लेण्या, अजिंठ्याच्या चित्रांशी तुलना होते. 1921 मध्ये नंदलाल बोस, असित हालदार वगैरे चित्रकार इथे येऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून गेले. बहुतेक मूळ चित्रं जपायला म्हणून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेलीत, त्यामुळे चित्रांसाठी जाल तर हिरमोड होईल. खांब आणि छतावरच्या नक्षीसाठी जा, छपाईच्या ब्लॉकमध्ये त्यातलं बरंच ओळखीचं निघतं.

परत आल्यावर दिवाळीआधीच्या प्रदर्शनासाठी आम्ही चौघींनी मिळून एक टेबल घेतलं. आधी कापड वाटण्यावरून वाद झाला, काठाचा भाग सगळ्यांनाच हवा होता, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझी सूचना अशी की हे वाटप गाडीत बसायच्या आधीच ठरवा, म्हणजे मैत्री शाबूत राहते. आणि लेबलवर स्पष्ट लिहा, छपाई बागच्या कारागिरांची, शिलाई आमची. अर्धी दुपार ठोके मारून आलेली माणसं स्वतःला बाग प्रिंट आर्टिस्ट म्हणवतात ते मला पटत नाही, आणि गिऱ्हाइकाला खरं सांगितलं तर ते जास्त वेळ टेबलापाशी थांबतं, हा अनुभव आहे. नक्कल ओळखायची असेल तर कापड उलटं करून रंग किती उतरलाय बघा, आणि जिथे ब्लॉक जोडला जातो तिथे अगदी बारीक चूक शोधा. सगळीकडे एकसारखं काटेकोर असेल तर ते बहुतेक स्क्रीन प्रिंट. भट्टीपर्यंत जायला जमणारच नसेल तर इंदुरात मृगनयनीत (मध्य प्रदेश सरकारचं हस्तकलेचं दुकान) किंवा ढक्कनवाला कुआंच्या ग्रामीण हाट बाजारात मेळा लागतो तेव्हा कारागीर स्वतः येतात, तिथे कापड मिळतं आणि गप्पाही होतात.

विकताना धुण्याचं पण सांगा, कारण तक्रार आपल्याकडेच येते. पहिले दोन-तीन वेळा वेगळं, गार पाण्यात, सावलीत वाळवायचं. आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर लांब, आंबट लागलं की लोखंडाचा काळा फिका पडतो. टेबल रनर घेणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे रोज पोह्यांवर लिंबू पिळतात. त्यांना मग बटवा दाखवला.