रातव्याच्या रानात मुक्काम

डोंगरात तंबूची जागा मी फार निरखून निवडतो. कारण रातवा हा रात्री वावरणारा पक्षी घरटं बांधतच नाही. पाचोळ्यात थेट जमिनीवर अंडी घालतो, आणि त्याचा रंग असा की दोन हातांवर बसला तरी वाळकं लाकूडच वाटावं. या वेळी तो दिसला टॉर्चच्या उजेडात लालसर चमकणाऱ्या डोळ्यांमुळे. झोत लगेच खाली केला. पक्षी जवळ यावा म्हणून रेकॉर्ड केलेली साद वाजवणं मला मुळीच पटत नाही, विणीच्या काळात तर नाहीच.

पहाटे ८×४२ ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी दुर्बीण काढली. पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, त्यामुळे दाट झाडीतल्या अंधुक उजेडातही सुतार पक्षी स्वच्छ दिसला. शेपटीची ताठ पिसं खोडाला टेकवून तो वर सरकत होता, मध्येच थांबून साल ठोकत होता. मग त्याच्यासाठी डोंगरातली बाकीची पायपीट दुपारवर ढकलली.