राजगड-तोरणा-रायगडसाठी हलकी सॅक निवडताना

राजगड-तोरणा-रायगड हा ट्रेक फेब्रुवारीत करायचा, आणि सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन करायचा, हे दिवाळीतच पक्कं झालं होतं. घरात एक जुनी ७० लिटरची हॅवरसॅक आहे. ती रिकामीच अडीच किलोच्या घरात भरते. माझं वजन ५२ किलो, गुडघे आता चाळिशी ओलांडलेले. रायगडाकडे जाताना बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या खड्या घळीतून, उतरताना पाठीवर पंधरा किलोचं धूड नको, एवढं मला स्पष्ट होतं. म्हणून हलक्या सॅकचा शोध सुरू केला. त्यात जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या डोंगरांच्या हिशेबाने ही माहिती मला कुठे एकत्र मिळाली नाही.

अल्ट्रालाइट म्हणजे काय, याचं एक मोजमाप अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांनी रूढ केलं आहे. पाणी, शिधा आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाचं वजन, सॅकसकट, दहा पौंडांच्या म्हणजे साधारण ४.५ किलोच्या आत हवं. याला ते बेस वेट म्हणतात. म्हणून सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी बाकीचं सामान जमवायचं, तोलायचं, आणि मग त्याला पुरेल अशी सॅक बघायची. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वहीत वजनं लिहीत गेले.

इथे सह्याद्रीचं मोठं सुख आहे. तंबू लागत नाही. राजगडावर पद्मावतीच्या देवळात, तोरण्यावर मेंगाईच्या देवळात पाठ टेकता येते, पुढे मोहरी गावात कुणाच्या तरी ओसरीवर. पातळ स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, फ्लीस, विंडचीटर, एक कपड्यांचा जोड, हेडटॉर्च, औषधं, छोटा स्टोव्ह आणि एक पातेलं. सगळं मिळून ३.४ किलो. मग शिधा आणि गॅस दोन किलो.

आणि मग पाणी. सगळा हिशेब खरा इथे फिरतो. फेब्रुवारीत ओढे आटलेले असतात, गडावरच्या टाक्यांचा भरवसा टाक्यागणिक वेगळा. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेने मोहरीकडे निघालं, की उन्हाच्या त्या चालीत मी चार लिटरच्या खाली जायला तयार नाही. चार लिटर म्हणजे चार किलो. म्हणजे सॅक सोडूनच ९.४ किलो, आणि त्यातला सगळ्यात जड भाग पाण्याचा.

या विषयावर वाचताना एमा गेटवूड यांचं नाव हमखास येतं. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून त्या एकट्या ॲपलाचियन ट्रेल ही अमेरिकेतली लांब पल्ल्याची पायवाट चालल्या, ३,३०० किलोमीटर. मला या बाईंबद्दल मनापासून आदर आहे. पण त्या वाटेवर झरे आणि ओढे जागोजाग आहेत. तिथली सॅक जशीच्या तशी आपल्या घाटवाटांवर चालेल असं धरून चालता येत नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, मैत्रिणीने अमेरिकेतून आणलेली बिनफ्रेमची, म्हणजे पाठीला ताठ आधाराचा सांगाडा नसलेली, ४० लिटरची सॅक, वजन जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. दुसरा, गॉसमर गिअरची मारिपोसा ६०: पाठीला आधार म्हणून काढता येणारी ॲल्युमिनियमची काडी, वजन किलोच्या आत. तिसरा ऑस्प्रेची एजा ४८, म्हणजे त्याच कंपनीच्या एक्सोस या सॅकची बायकांसाठीची आवृत्ती: कडेने ॲल्युमिनियमची फ्रेम, पाठीशी ताणलेली जाळी, वजन सव्वा किलोच्या आसपास. मारिपोसा मला फार आवडली होती, पण ती बाहेरून मागवायची, वर सीमाशुल्क, आणि अंगावर चढवून बघायची सोय नाही. तेवढ्यावर मी तिच्यावर फुली मारली. सॅक अंगावर न घालता घेऊ नये, या मताची मी आहे आणि का ते सांगते.

सॅकचं माप उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक टपोरं हाड हाताला लागतं. तिथून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे पाठीवर जिथे येतात त्या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. सासूबाईंनी त्यांची शिलाईची टेप काढली, मला दारात ताठ उभं केलं आणि दोनदा माप घेतलं. ४१ सेंटिमीटर. पुण्यातल्या दुकानांत मी ज्या सॅक चढवून पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच माझ्या पाठीला लांब होत्या. मग कमरेचा पट्टा हाडाखाली घसरतो, पेलत काहीच नाही, आणि सगळा भार खांद्यांवर. दुकानदार पट्टे आवळून देतात, पण पट्टे आवळल्याने पाठीचं माप बदलत नाही. बायकांनी हे माप घरून घेऊनच दुकानात जावं.

खरी परीक्षा सिंहगडावर घेतली, आतकरवाडीच्या वाटेने. बिनफ्रेमच्या सॅकमध्ये कॅरीमॅटची घडी पाठीच्या बाजूला उभी लावायची असते, तीच फ्रेमचं काम करते. आठ किलोपर्यंत ती सॅक इतकी सुरेख बसली की पाठीवर काही आहे हे विसरायला झालं. मग बाटल्या भरून वजन दहा किलोवर नेलं. पहिल्या खड्या चढातच सॅक मध्ये खचली, कमरेचा पट्टा सैल होऊन पोटावर सरकला आणि गळ्याजवळच्या हाडावर पट्ट्याची धार जाणवायला लागली. बिनफ्रेमच्या सॅकची सुखाची मर्यादा आठ-नऊ किलो सांगतात, ती माझ्या खांद्यांना तंतोतंत पटली. तेवढंच वजन एजामध्ये घातलं, कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट बसवला, तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. भार कमरेवर उतरला होता. सहाशे ग्रॅम जास्तीचे घेऊन पाठीला हलकं वाटतं, हे वाचून पटत नाही, चढावर पटतं.

जाळीच्या पाठीला एक खोट आहे. सॅक पाठीपासून जरा दूर राहते आणि तीव्र उतारावर मागे ओढते. पाण्याच्या बाटल्या पाठीलगत आणि वर ठेवल्या की ते बरंच आटोक्यात येतं. उलट, पाठीला हवा लागते, घाम साचत नाही. आपल्या उन्हात मला हे जास्त मोलाचं वाटतं.

कापडाबद्दल थोडं. बिनफ्रेमची सॅक डायनिमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची होती. ते पाणी पीत नाही, ताणाला जबरदस्त आहे, पण पातळ असलं तर घासण्यापुढे आणि काट्यापुढे तितकं टिकत नाही. अमेरिकेतल्या राखलेल्या पायवाटांवर ते चालून जातं, आपल्याकडे करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी दोन्ही बाजूंनी ओरबाडतात. नायलॉन काट्याला बरं, पण आतून पीयूचं (पॉलियुरेथेनचं) अस्तर असेल तर पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ते चिकट होतं, वास मारतं आणि पापुद्रे सुटतात. सॅक जूनआधी उन्हात वाळवून, उघडी टांगून ठेवलेली बरी.

एजाचा पुढचा खिसाही जाळीचाच. तो पहिल्याच करवंदीला फाटणार हे दिसत होतं. रविवार पेठेतून रिपस्टॉप, म्हणजे फाटत न जाणाऱ्या चौकटीच्या विणीच्या, नायलॉनचा तुकडा आणला आणि ओळखीच्या बॅगवाल्या कारागिराकडून जाळीवर शिवून घेतला, तळाशी पाणी निथळायला दोन भोकं ठेवून. वजन पन्नासेक ग्रॅम वाढलं. वरचं झाकण सुटं करता येतं, ते घरी ठेवून त्याहून जास्त कमी केलं. रेनकव्हर घेतलंच नाही. माचीवरच्या वाऱ्यात ते फडफडतं, आणि पाऊस पाठीकडून आत येतोच. त्याऐवजी बोहरी आळीतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणली, ती सॅकच्या आत अस्तरासारखी लावते आणि तोंड पिळून दुमडते.

अखेर बेस वेट ४.६ किलो झालं, अल्ट्रालाइटच्या रेषेच्या शंभर ग्रॅम वर. माझी त्याला काही हरकत नाही. पाण्यासकट साडेदहा किलो घेऊन निघाले. बुधला माचीकडच्या शिडीवर सॅक कुठे अडकली नाही. बोराट्याच्या नाळेत मोठमोठ्या धोंड्यांवरून बसत-सरकत उतरताना ती अंगाबरोबर हलली, स्वतंत्र झोके घेतले नाहीत. तोवर पाणीही निम्मं संपलेलं होतं.

पुढचा बेत लोणावळा ते भीमाशंकर, पावसाळा सरल्या सरल्या. तेव्हा ओढे वाहते असतात, दोन लिटर पाणी पुरतं आणि एकूण वजन साडेआठ किलोच्या आत येतं. त्या वाटेला मैत्रिणीची बिनफ्रेमची सॅक मागून घेणार आहे.