रेकॉर्ड नसलेल्या खाँसाहेबांच्या गावात

कोल्हापूरला जाणारे बहुतेक जण अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि चपलांची खरेदी उरकून परततात. मी या वेळी गाण्याच्या मागावर गेलो होतो. शास्त्रीय गायनातल्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावात राजस्थान आणि उत्तर प्रदेश आहे खरं, पण ही गायकी नांदली कोल्हापुरात. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) राजर्षी शाहू महाराजांचे दरबारगायक झाले आणि १९२२ साली महाराज गेल्यानंतर मुंबईला जाईपर्यंत याच गावचे होऊन राहिले.

एवढ्या मोठ्या गवयाची एकही रेकॉर्ड नाही. हिंदुस्थानात रेकॉर्डिंग सुरू झालं १९०२ साली, खाँसाहेब त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं हयात होते, तरीही नाही. म्हणजे त्यांना ऐकायचं ते शिष्य-प्रशिष्यांच्या गळ्यातून. म्हणून फोनमध्ये केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर), किशोरीताई आमोणकर, धोंडूताई कुलकर्णी असे सगळे भरून घेतले होते.

सकाळी महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात शिरलो. दर्शनाची रांग बाहेरपर्यंत आली होती. खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ या देवळात देवीपुढे गायनाची सेवा करत. मुसलमान उस्तादाने अंबाबाईला ख्याल ऐकवावा आणि गावाने तो भक्तीने ऐकावा, यात इथे कुणाला वावगं वाटलं नाही. मला कोल्हापूरचा सगळ्यात मोठा अभिमान या गोष्टीचा वाटतो. मधले चिरंजीव मंजीखाँ १९३७ साली अकाली गेले, तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूरांची पुढची तालीम याच भुर्जीखाँनी केली. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णीही त्यांच्याकडे शिकल्या.

दर्शन झाल्यावर आवारातल्या दगडी ओट्यावर बसलो आणि एका कानात मन्सूरअण्णा लावले. दुसऱ्या कानात घंटा आणि रांगेतला कलकलाट चालूच होता, तरी गाणं हरवलं नाही. या गायकीत ख्याल फार रेंगाळत नाही. आवाज आकारात, म्हणजे 'आ' म्हणताना, मोकळा लागतो, एका स्वराच्या पोटातून दुसरा निघतो, आणि तान वेगळी येऊन उभी राहत नाही, आलापातूनच वळत जाते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची कुठेही घाई नाही. आपण मात्रा मोजत राहावं आणि सम नकळत हातात पडावी.

हे वळण कुठून आलं, याची हकीकत गाण्याच्या मंडळींत नेहमी सांगितली जाते. तरुणपणी एका संस्थानात दिवसचे दिवस गावं लागल्याने खाँसाहेबांचा आवाज गेला. बऱ्याच काळाने परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. घराणं धृपद-धमार या ख्यालाहून जुन्या गायनप्रकारांचं, त्यामुळे लयीचा पाया पक्का होताच.

पूर्वेच्या दाराने भवानी मंडपात आलो. फुलवाल्या काकांना देवल क्लब विचारला. "गाण्याचा क्लब व्हय? ह्यो रस्ता धरा आन् खासबागेकडं जावा सरळ, पावणं," म्हणाले. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. 'मानापमान' या संगीत नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे याच वर्तुळातले, आणि खाँसाहेबांचे निस्सीम चाहते.

खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर ते हेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं, आणि दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

तिथेच रस्त्याकडेला उभा राहून केसरबाईंची भैरवी लावली, 'जात कहाँ हो'. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. अल्लादिया खाँसाहेबांची पक्की तालीम १९२१ नंतरची. ही रेकॉर्ड जेमतेम साडेतीन मिनिटांची, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावे. पण त्यात घाईघाईने उरकल्याची खूण नाही. पहिल्याच स्वराला आवाज संपूर्ण उघडतो आणि शेवटपर्यंत त्याचं वजन कमी होत नाही. हीच भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. व्हॉयेजर-१ उडालं त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या.

तुम्ही जाणार असाल तर आधी घरी नेहमीचा मालकंस ऐका, रिषभ-पंचम (रे आणि प) नसलेला, कुणाचाही. मग किशोरीताईंचा संपूर्ण मालकंस लावा, ज्यात सातही स्वर आहेत. असे अनवट, क्वचित गायले जाणारे राग खाँसाहेबांनी घराण्यात रुजवले. मोगूबाईंना त्यांनी सांगलीत शिकवायला घेतलं आणि मोगूबाईंनी लेकीला, म्हणजे किशोरीताईंना, घडवलं. हा फरक कानात बसला की मगच एसटीत बसा, आणि देवळात जाताना इअरफोन विसरू नका.