भाऊचा धक्का ते शिवडी पायी: रे रोडच्या पुढे चालू नका

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आता पाण्याच्या कडेकडेनं फिरता येतं, असं छातीठोकपणे सांगितलं गेलं म्हणून भाऊच्या धक्क्यावरून शिवडीकडे चालत निघालो. साफ खोटं आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसते ती बंदराची भिंत, मग गोदामं, मग पुन्हा भिंत.

रे रोड ते शिवडी हा टप्पा तर भयंकर. फुटपाथवर ट्रेलरची चाकं चढलेली, त्यामुळे आपण रस्त्यावर आणि मागून भरलेले ट्रक. उन्हात सावली नाही, धूळ नाकातोंडात. कितीही चालायची सवय असो, हा तुकडा हार्बर लोकलनं करा. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, एवढंच.

रे रोडला उतरून दारूखाना, म्हणजे जुनी जहाजं तोडायचा भाग, मात्र बघाच. १९७१च्या युद्धातली विमानवाहू नौका विक्रांत २०१४ साली इथेच तोडायला घेतली. एका गाळ्यासमोर नांगराची साखळी पडली होती. एकेक कडी मांडीएवढी जाड, तिला कालवं अजून चिकटलेली. शेजारी एक जण साध्या गॉगलवर गॅस कटरनं पत्रा कापत होता. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. "फोटो काढून नेतात, मग जागा खाली करायच्या नोटिसा येतात," असं तिथल्या एका म्हाताऱ्या कामगारानं सुनावलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. बंदराच्या जमिनीचं पुढे काय करायचं हे ठरवायला २०१४मध्ये राणी जाधव समिती नेमली, तेव्हापासून बागा आणि मोकळ्या जागांची चर्चा चालू आहे. बागा हव्यातच, मुंबईला श्वास हवा. पण इथं पिढ्यान्‌पिढ्या लोखंड तोडणाऱ्यांची घरं आणि रोजगार या विकासाच्या नकाशात आधी दिसले पाहिजेत.

शिवडी स्टेशनवरून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात त्या जेट्टीला जायला टॅक्सीवाल्यानं दोनशे रुपये मागितले. दीड-दोन किलोमीटरला! मीटर टाकत नसेल तर सरळ उतरा, दुसरी मिळते. रिक्षा या भागात चालत नाहीत. हे पक्षी बघायचे तर हिवाळ्यापासून मेपर्यंत या आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भर भरतीला चिखल बुडतो, पक्षी दूर जातात. डोक्यावर अटल सेतू आहे, तो आपोआप दिसतो.

आणि गोदीचा किनारा खरंच पाण्यावरून बघायचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडा. ओहोटीला फेऱ्या खोळंबतात, म्हणून परतीची वेळ तिकीट काढतानाच खिडकीवर विचारून घ्या.