चव्वेचाळीस क्रमांकाचा बोरिस

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या जिलाँग शहराच्या जिलाँग फुटबॉल क्लबचे चाहते २००७ ते २०११ या वर्षांविषयी बोलू लागले की नावांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. गॅरी अ‍ॅब्लेट, जिमी बार्टेल, मॅथ्यू स्कार्लेट, स्टीव्ह जॉन्सन, पॉल चॅपमन अशी यादी घडाघडा म्हटली जाते आणि मग एखादा जुना जाणता प्रेक्षक, काहीशा तक्रारीच्या सुरात, ‘आणि बोरिस?’ असे विचारतो. त्यावर सगळे मान डोलावतात. बोरिस म्हणजे कोरी एन्राइट. ३३२ सामने, तीन अजिंक्यपदे आणि ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, सहा वेळा निवड एवढे सगळे नावावर असलेला हा खेळाडू यादीत पहिल्या दमात का येत नाही, हा प्रश्न मेलबर्नमध्ये राहून या खेळाच्या नादी लागल्यापासून माझ्या मनात घोळत आला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथल्या बोलीत ‘फुटी’, लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूने खेळला जातो. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात. दोन उंच खांबांमधून किक मारून चेंडू पार केला की सहा गुणांचा गोल मिळतो आणि त्यांच्या शेजारच्या आखूड खांबांपर्यंतच्या जागेतून गेला तर एक गुण. गोलरक्षक नावाचा प्रकारच नाही. गोलसमोरच्या पन्नास मीटरच्या कमानीत सहा बचावपटू असतात आणि जे काही रोखायचे ते त्यांनीच रोखायचे. एन्राइट या सहांपैकी एक होता. तो कधी मैदानाच्या कोपऱ्यातल्या बॅक पॉकेटमध्ये खेळे, तर कधी त्याच्या पुढच्या हाफ-बॅक फ्लँकवर. दोन्ही जागा अशा आहेत की तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे कॅमेऱ्याचे लक्ष क्वचितच जाते.

त्याचा खेळ प्रत्यक्ष मैदानात बसून पाहिलेले लोक त्याच्याविषयी बोलतात तेव्हा ते एखाद्या गाजलेल्या क्षणाचे नाव घेत नाहीत. ते एका सवयीचे वर्णन करतात. प्रतिस्पर्ध्यांची लांब, उंच किक कमानीकडे येत असते. स्कार्लेट किंवा हॅरी टेलर यांच्यासारखा उंच बचावपटू आपल्या प्रतिस्पर्ध्याबरोबर उडी घेतो आणि मूठ मारून चेंडू खाली पाडतो. आता तो अंडाकृती चेंडू कुठे पडेल आणि पडल्यावर कुठल्या बाजूला उसळेल हे देवालाही सांगता येणार नाही. पण एन्राइट मात्र तो पडण्याच्या एक क्षण आधी तिथे पोहोचलेला असे. तो धावत आल्यासारखा दिसत नसे, जणू आधीपासून तिथेच उभा होता असे वाटे. चेंडू छातीशी घेणे, अंगावर येणाऱ्या पहिल्या माणसाला खांदा वळवून चुकवणे आणि मोकळ्या सहकाऱ्याच्या हातात पडेल अशी आटोपशीर किक मारणे, या तीन हालचालींत धोका संपलेला असे. प्रेक्षकांनी ओरडायला तोंड उघडावे तोवर चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत गेलेला असे. दूरचित्रवाणीवर हे दृश्य धड दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो आणि एन्राइटचे खरे काम चेंडू त्याच्याजवळ येण्याच्या आधीच झालेले असते. कोणाला एकटे सोडायचे, कोणाच्या बाजूला दोन पावले सरकायचे, समोरच्या किकरचा तोल कुठे गेला आहे हे ओळखायचे, या गोष्टी स्टँडमध्ये उंचावर बसलेल्यालाच कळतात. त्याच्या कीर्तीचा आवाका स्टँडच्या भिंतीपाशी थांबला याचे निम्मे कारण मला यातच दिसते.

उरलेले निम्मे कारण त्याच्या संघात आहे. एन्राइट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर द्वीपकल्पावरील किम्बा या गव्हाच्या शेतीच्या छोट्या गावातून आला. महामार्गावरून जाणारे लोक ज्या गावाला तिथल्या अवाढव्य गुलाबी काकाकुव्याच्या पुतळ्यामुळे ओळखतात तेच हे गाव. पोर्ट अ‍ॅडलेडच्या राज्यस्तरीय संघातून १९९९ च्या ड्राफ्टमध्ये जिलाँगने त्याला ४७ व्या क्रमांकावर निवडले. तरुण खेळाडूंची ही वार्षिक वाटणी असते आणि ४७ वा क्रमांक म्हणजे जमला तर जमला अशा अपेक्षेने घेतलेला मुलगा. त्याच वाटणीत जिलाँगने जोएल कोरीला ८ व्या, पॉल चॅपमनला ३१ व्या आणि कॅमरन लिंगला ३८ व्या क्रमांकावर घेतले. हे चौघेही पुढे क्लबच्या सुवर्णकाळाचे आधारस्तंभ ठरले, त्यामुळे जिलाँगच्या जाणकारांमध्ये त्या वर्षाचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यातही एन्राइट शेवटचा. पहिला सामना खेळायला त्याला २००१ उजाडावे लागले.

मग ते दिवस आले. जिलाँगने १९६३ नंतर अजिंक्यपद पाहिलेले नव्हते. मधल्या काळात अंतिम सामन्यांपर्यंत जाऊन हरण्याची या क्लबला इतकी सवय झाली होती की शहरात त्याविषयी विनोदही शिळे झाले होते. २००७ च्या अंतिम सामन्यात मात्र पोर्ट अ‍ॅडलेडचा ११९ गुणांनी धुव्वा उडाला. अंतिम सामन्यातला एवढा मोठा विजय दुसरा नाही. योगायोगांची आवड असलेल्यांसाठी एक गंमत अशी की अजिंक्यपदाची प्रतीक्षा ४४ वर्षांची, प्रतिस्पर्ध्यांचे गुण ४४ आणि एन्राइटच्या पाठीवरचा क्रमांकही ४४. पुढच्या वर्षी साखळीत एकच सामना गमावलेला हा संघ अंतिम फेरीत हॉथॉर्नकडून हरला. २००९ मध्ये सेंट किल्डाला १२ गुणांनी आणि २०११ मध्ये कॉलिंगवूडला ३८ गुणांनी हरवून त्याने उरलेली दोन अजिंक्यपदे मिळवली.

या तिन्ही विजयांत अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिले जाणारे नॉर्म स्मिथ पदक अनुक्रमे स्टीव्ह जॉन्सन, चॅपमन आणि बार्टेल यांना मिळाले. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक २००७ मध्ये बार्टेलला आणि २००९ मध्ये अ‍ॅब्लेटला मिळाले. घरातच एवढे मानकरी असतील तर कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला काय येणार? त्यात ब्राउनलोची मते मैदानावरचे पंच देतात. प्रत्येक साखळी सामन्यानंतर ते तिघांची नावे लिहून त्यांना तीन, दोन आणि एक असे गुण देतात. पंच दिवसभर चेंडूच्या मागे धावत असतात, त्यामुळे जिथे चेंडू जास्त वेळ असतो तिथले मधल्या फळीतले खेळाडू त्यांच्या डोळ्यांत भरतात. १९९३ मध्ये एसेंडनच्या गॅव्हिन वॉन्गनीनने बचावपटू असून हे पदक पटकावले होते, ही गोष्ट अजून सांगितली जाते यावरूनच ती किती दुर्मीळ आहे हे समजते.

क्लबच्या स्वतःच्या पदकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रशिक्षक मते देतात आणि कोणावर कोणती कामगिरी सोपवली होती हे त्यांना ठाऊक असते. जिलाँगच्या या पदकाला कार्जी ग्रीव्ह्ज याचे नाव आहे. १९२४ मध्ये पहिल्यावहिल्या ब्राउनलोचा मानकरी ठरलेला हा खेळाडू जिलाँगचाच, आणि ज्याच्या नावाने ब्राउनलो पदक दिले जाते तो चार्ल्स ब्राउनलोही जिलाँगचाच. ते क्लबचे पदक एन्राइटने २००९ आणि २०११ अशा दोन वर्षी मिळवले आणि ही दोन्ही वर्षे अजिंक्यपदाची आहेत. म्हणजे ज्या २००९ साली पंचांच्या मते अ‍ॅब्लेट साऱ्या देशात अव्वल होता, त्याच साली एन्राइटने काय केले हे त्याच्या प्रशिक्षकांनी मतांतून सांगून ठेवले आहे. जिलाँगविषयी मला एकच आकडा सांगायची मुभा असती तर मी ३३२ हा आकडा सोडून ही जोडी सांगितली असती.

जिलाँगच्या घरच्या मैदानावर, कार्डिनिया पार्कवर, माझ्या जागेच्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसत. त्यांचे सारे आयुष्य जिलाँगमध्ये गेलेले. मी एकदा त्यांना विचारले की एन्राइटचा सर्वांत आवडता क्षण कोणता. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “असा एकही आठवत नाही बघ. मला एवढेच आठवते की चेंडू त्याच्या बाजूला गेला की मी थर्मास उघडून चहा ओतून घ्यायचो.” त्यांच्या शेजारच्या बाईंना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मते अशा बोलण्यानेच त्याचे नुकसान झाले. तो केवळ विश्वासू नव्हता, तो आक्रमणाची सुरुवात करणारा खेळाडू होता आणि जिलाँगचे निम्मे गोल त्याच्या पायापासून निघत. दोघांचा वाद पुढे बराच रंगला. निम्मे गोल ही अतिशयोक्ती सोडली तर मी बाईंच्या बाजूचा आहे. मार्क थॉम्पसनच्या प्रशिक्षणाखाली त्या संघाने बचावातून धावत, हँडबॉलने, म्हणजे हातातला चेंडू मुठीने ठोसून, पुढे देत हल्ला चढवण्याची जी शैली रुजवली, तिला चेंडू हातात आल्यावर न गडबडणारे बचावपटू लागत. एन्राइट, अँड्र्यू मॅकी, डॅरेन मिलबर्न यांच्याशिवाय ती शैली कागदावरच राहिली असती.

चाहत्यांच्या या प्रेमात मला थोडी खोटही दिसते, तीही सांगून टाकतो. सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात निवडल्या गेलेल्या माणसाची उपेक्षा झाली असे म्हणणे जरा जास्तच होते. निवड समितीने त्याला २००८ ते २०११ सलग चार वर्षे, मग २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये निवडले. जाणकारांनी त्याला ओळखलेच होते. उपेक्षा झाली असेल तर ती पोस्टर छापणाऱ्यांकडून, जाहिरातदारांकडून आणि ज्यांचा संघ जिलाँग नाही अशा सामान्य प्रेक्षकांकडून झाली. आणि खरे सांगायचे तर जिलाँगच्या चाहत्यांना ती थोडी हवीहवीशी वाटते. अ‍ॅब्लेट सगळ्या देशाचा होता, पुढे गोल्ड कोस्ट या दुसऱ्या क्लबकडेही गेला. बोरिस मात्र आपला, आपल्यालाच कळलेला. फोर्डच्या कारखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या या बंदराच्या शहराला पाळीवर वेळेवर येणारा आणि काम चोख करून निघून जाणारा माणूस आपल्या हक्काचा वाटला तर त्यात नवल नाही. १९२५ पासून क्लबला पाठबळ देणाऱ्या फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये इथले उत्पादन थांबवले, आणि एन्राइटचा शेवटचा हंगामही तोच.

तो हंगामही त्याने लंगडत काढलेला नव्हता. इयान नॅनकरव्हिसचा ३२५ सामन्यांचा क्लबचा विक्रम त्याने त्याच वर्षी मागे टाकला आणि वयाच्या ३४ व्या वर्षी त्याची सहावी ऑल-ऑस्ट्रेलियन निवड झाली. सोळा हंगामांत ३३२ सामने म्हणजे हंगामाला सरासरी वीसहून अधिक. तेव्हा हंगामात बावीस साखळी सामने असलेल्या आणि दर आठवड्याला कोणाचे तरी गुडघे, खांदे निकामी करणाऱ्या या खेळात तो आकडा बाद फेऱ्या धरूनही थक्क करणारा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सिडनीविरुद्धच्या उपान्त्य लढतीतल्या पराभवाने त्याची कारकीर्द संपली. पुढे २०२२ मध्ये जोएल सेलवूडने त्याचा सामन्यांचा विक्रम मोडला आणि टॉम हॉकिन्सने २०२४ मध्ये सेलवूडचा.

४४ क्रमांकाची जर्सी २०१७ मध्ये टॉम स्टुअर्टच्या अंगावर आली. तो जिलाँगच्या स्थानिक लीगमधून, वयाची विशी बरीच ओलांडल्यावर, वरच्या पातळीवर पोहोचलेला बचावपटू. त्यालाही पाहता पाहता ऑल-ऑस्ट्रेलियन संघात जागा मिळाली, त्यामुळे दोघांपैकी श्रेष्ठ कोण हा वाद आता कार्डिनिया पार्कवर सुरू असतो. हवेत झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याची किक झेलण्यात स्टुअर्ट उजवा आहे, हे मी मान्य करतो. जमिनीवर पडलेल्या चेंडूपाशी आणि लहान चणीच्या चपळ आक्रमकासमोर एन्राइट उजवा. स्टुअर्टच्या काळात अडवलेल्या किकांची मोजणी पडद्यावर झळकते आणि समालोचक ती वाचून दाखवतात, त्यामुळे सिडनी किंवा पर्थच्या प्रेक्षकालाही त्याचे मोल लगेच कळते. एन्राइटच्या ऐन बहराच्या काळात तेच काम स्टँडमधले लोक एकमेकांना कोपर मारून दाखवत असत.