तुम्ही विचारलंत म्हणून: ती हळू गाडी कशाला हवी?

"एवढे मोठे हायवे, एवढे ट्रक, मग सायकलच्या वेगानं जाणारी ती मालगाडी कशाला ठेवलीय तुमच्याकडे?" सोलापूरहून माझा भाऊ आला होता, तेव्हा त्यानं हे विचारलं. फोनवर तर कितीतरी जण विचारतात. दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

अमेरिकेत, उत्तर कॅन्सस राज्यातल्या एका सहकारी एलेव्हेटरच्या वजनकाट्यावर मी काम करते. एलेव्हेटर म्हणजे धान्याची उंच काँक्रीटची कोठारं. ट्रक काट्यावर येतो, मी नमुना काढून ओलावा बघते, पावती फाडते. मग धान्य खड्ड्यात ओततात आणि बादल्यांचा उभा पट्टा ते वर नेतो. बफेलो शहरात १८४२ साली जोसेफ डार्टनं वाफेच्या इंजिनावर हेच केलं होतं. कोठाराच्या पलीकडच्या अंगाला रूळ आहेत, आणि माझ्या लेखी आमच्या गावाचा जीव त्या रुळांत आहे.

हिशेब सांगते. धान्याच्या एका बंद डब्यात सुमारे ३,५०० बुशेल गहू मावतो. गव्हाचा बुशेल २७ किलोच्या थोडा वर, म्हणजे डब्याला ९५ टन झाले. ट्रकमध्ये जेमतेम ९०० बुशेल जातात. पंचवीस डबे भरले की शंभराच्या आसपास ट्रक रस्त्यावर उतरत नाहीत. आमचे रस्ते खडीचे, पूल जुने आणि ते दुरुस्त करायचे पैसे त्याच शेतकऱ्यांच्या करातून यायचे.

दुसरी गोष्ट धान्याच्या दराची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्याकडच्या गव्हाला बाजारात कॅन्सस सिटीचा गहू म्हणतात आणि त्याचा भाव शिकागोच्या बाजारात ठरतो. त्यातून वाहतूक आणि इतर खर्च वजा झाला की उरतो तो आमच्या काट्यावरचा भाव. वाहतूक महागली तर तो भार कारखानदार उचलत नाही, शेतकरी उचलतो. बुशेलमागे १० सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ५०,००० बुशेल विकणाऱ्या घराचे ५,००० डॉलर गेले.

गाडी हळू का, तर रूळ जुने आणि हलके आहेत. सगळ्यात खालच्या दर्जाच्या रुळांवर मालगाडीला ताशी १० मैलांची मर्यादा असते. नवे डबे भरून २,८६,००० पौंडांपर्यंत जातात. ज्या रुळांना तेवढा भार पेलत नाही तिथे २,६३,००० वर थांबावं लागतं, म्हणजे डब्यामागे पावणेचारशे-एक बुशेल गहू कमी.

मग हे रूळ टिकले कसे? रॉक आयलंड ही मोठी रेल्वे कंपनी दिवाळखोरीत जाऊन ३१ मार्च १९८० ला बंद पडली. त्याच वर्षी आलेल्या स्टॅगर्स कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तोट्यातले फाटे सोडून देणं सोपं केलं. कितीतरी फाटे उखडले गेले. उत्तर कॅन्ससमधल्या काउंट्यांनी, म्हणजे इथल्या जिल्ह्यांनी, मात्र एकत्र येऊन मिड स्टेट्स पोर्ट ऑथॉरिटी ही सार्वजनिक संस्था उभी केली आणि रॉक आयलंडचा मार्ग राखला. १९८२ पासून काइल रेलरोड ही छोटी कंपनी त्यावर गाड्या चालवू लागली. अशा छोट्या कंपन्यांना इथे शॉर्ट लाइन म्हणतात. देशभरात त्या सहाशेच्या घरात आहेत. गावागावांतून डबे गोळा करून मेन लाइनवर नेऊन सोडायचे, हे त्यांचं काम.

डबे आले की शिडीनं वर चढायचं, झाकण उघडून आत वाकून बघायचं. ओल, कुबट वास, मागच्या फेरीचं सोयाबीन असं काही सापडलं तर डबा बाजूला. मग नळा सोडतात. आधी पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो, तळ झाकला गेला की नुसती सळसळ उरते. माझ्या सहकाऱ्याला त्या सळसळीवरूनच डबा किती भरला ते कळतं. मला अजून कळत नाही.

एका ऑक्टोबरात तीन आठवडे रिकामे डबे आलेच नाहीत. डबे मेन लाइनवरून यायचे आणि तिथेच सगळं अडलं होतं. कोठारं भरली, तेव्हा आम्ही ज्वारी बाहेर मोकळ्या जागेत ओतली. हो, ज्वारीच. इथे तिला मायलो म्हणतात आणि देशात सगळ्यात जास्त ती कॅन्ससमध्येच पिकते. मंगळवेढ्याची मालदांडी मोत्यासारखी पांढरी, ही विटकरी. इथे तिची भाकरी कुणी करत नाही, बहुतेक जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला किंवा परदेशी जाते. पण पावसाचं चिन्ह दिसलं आणि त्या उघड्या ढिगाकडे बघत एक म्हातारे शेतकरी टोपी हातात घेऊन गप्प उभे राहिले, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आमच्या घरी खळ्यावर रास असताना ढग आले की आजोबा असेच उभे राहायचे.

भाऊ परत जायच्या आदल्या दिवशी गाडी आली. तो फाटकाशी उभा राहून डबे मोजत होता. बावीस भरले. शेवटच्या डब्याचं झाकण लावायला त्याला वर नेलं. त्यानं आत हात घालून मूठभर ज्वारी काढली, एक दाणा दाताखाली फोडून बघितला आणि उरलेली परत आत टाकली.